कुंपण, शेत आणि राखण : सकागुची यांच्या नियामक टी-पेशीविषयक संशोधनाची चिकित्सा (कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

२०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिमोन सकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल या तीन संशोधकांना विभागून देण्यात आले. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर का उलटत नाही, या प्रश्नाची उकल हे या तिघांच्या कार्याचे समान सूत्र होय. ही यंत्रणा जेव्हा खरोखरच उलटते तेव्हा जे विकार उद्भवतात त्यांना स्वयंप्रतिकारजन्य, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत 'ऑटोइम्यून', विकार म्हणतात. लहान मुलांत व तरुणांत आढळणारा टाइप-१ मधुमेह हा त्यांपैकी एक ठळक विकार होय. स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशी या विकारात शरीराच्याच टी-पेशींकडून नष्ट केल्या जातात. 'कुंपणानेच शेत खाल्ले' ही आपल्याकडील म्हण या विकाराला जितकी चपखल लागू पडते तितकी अन्य कोणत्याही विकाराला क्वचितच लागू पडेल.

पारितोषिकाच्या निमित्ताने या संशोधनाचा गौरवपर परिचय पुष्कळ ठिकाणी झाला आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू त्याहून वेगळा आहे. एखादे संशोधन ज्या भूमीत घडले त्या भूमीबाहेर, अगदी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत, ते कितपत उपयोगी ठरते हे तपासल्याखेरीज त्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही, अशी या लेखामागील भूमिका आहे. त्या दृष्टीने पुढील तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे. सकागुची यांच्या संशोधनाचे नेमके सामर्थ्य कशात आहे? मधुमेहाच्या बाबतीत त्याची मर्यादा कोठे सुरू होते? आणि आपल्या परिसरातील कृश, अल्पवयीन मधुमेही रुग्णाच्या संदर्भात त्यातून काय घ्यावे व काय घेऊ नये?

१. पार्श्वभूमी : रोगाच्या कारणाचा शोध

टोरांटो येथे १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. तोवर ज्या बालरुग्णांचा मृत्यू अटळ मानला जात असे ते जगू लागले. तथापि उपचार सापडला तरी कारण सापडले नव्हते. इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी मुळात नाहीशा का होतात, हा प्रश्न पुढील चार दशके जवळजवळ अनुत्तरित राहिला.

१९६५ साली बेल्जियममधील विली गेप्ट्स यांनी आजार सुरू झाल्यानंतर अल्पावधीत दगावलेल्या तरुण रुग्णांच्या स्वादुपिंडांचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. तेथील लँगरहान्सच्या द्वीपिकांमध्ये त्यांना पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी आढळली. १९७४ मध्ये लंडन येथील बोटाझो, डोनियाक प्रभृती संशोधकांनी मधुमेही रुग्णांच्या रक्तात या द्वीपिकांविरुद्धची प्रतिपिंडे दाखवून दिली. या दोन निरीक्षणांनी टाइप-१ मधुमेहाची ओळख बदलली. तो केवळ साखरेचा विकार न राहता प्रतिकारयंत्रणेचा विकार ठरला.

येथे एक तात्त्विक अडचण उभी राहिली. शरीर स्वतःवर हल्ला करणार नाही, असे विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एर्लिख यांनी जवळजवळ नियमच म्हणून मांडले होते. पुढे या नियमाचे स्पष्टीकरण छातीतील थायमस ग्रंथीच्या कार्यात शोधले गेले. ज्या टी-पेशी 'स्व'ला ओळखून त्यावर उलटण्याची शक्यता असते त्या थायमसमध्येच नष्ट केल्या जातात, असे हे स्पष्टीकरण होते. ते खरे आहे. परंतु पूर्ण नाही. निरोगी माणसाच्या रक्तातही स्वतःविरुद्ध जाऊ शकणाऱ्या टी-पेशी सापडतात. म्हणजेच शेत खाण्याची क्षमता प्रत्येक कुंपणात असतेच. मग बहुतेकांचे शेत सुरक्षित कसे राहते? सकागुची यांचे संशोधन या प्रश्नापासून सुरू होते.

२. सकागुची यांच्या संशोधनाचे सामर्थ्य

१९६९ साली जपानमधील निशिझुका व साकाकुरा यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिल्लाची थायमस ग्रंथी काढून टाकली तर पुढे मादीचे बीजकोश नष्ट होत. हीच शस्त्रक्रिया सातव्या दिवशी केली तर मात्र तसे होत नसे. टी-पेशी जेथे तयार होतात ती ग्रंथीच काढून टाकली तर प्रतिकारशक्ती क्षीण व्हावी अशी अपेक्षा. प्रत्यक्षात ती अनावर होत होती. सकागुची यांनी या विसंगतीचा पाठपुरावा केला. निरोगी उंदराच्या टी-पेशी अशा पिल्लांना दिल्यास विकार टळतो, हे त्यांनी १९८० च्या दशकात दाखवले. थायमसमधून पहिल्या काही दिवसांनंतर बाहेर पडणाऱ्या पेशींमध्ये आवर घालणाऱ्या पेशींचा एक वर्ग असला पाहिजे, असा याचा अर्थ होता.

हे मत त्या काळी लोकप्रिय होण्याजोगे नव्हते. १९७० च्या दशकात 'दमनकारी टी-पेशी' या नावाने अशाच एका कल्पनेचा मोठा गाजावाजा झाला होता. त्या पेशींची खूण म्हणून मांडलेल्या 'आय-जे' नामक रेणूचे जनुक अपेक्षित ठिकाणी अस्तित्वातच नसल्याचे १९८० च्या दशकाच्या आरंभी स्पष्ट झाले आणि संपूर्ण विषयच बदनाम झाला. अशा वेळी ज्या विषयाकडे बहुतेकांनी पाठ फिरवली होती, तेथे सकागुची टिकून राहिले. परंतु केवळ चिकाटी हे वैज्ञानिक मूल्य नव्हे. चुकीच्या कल्पनेला चिकटून राहणारेही चिकाटीचेच असतात. म्हणून त्यांच्या पद्धतीकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ही पद्धती स्पष्ट दिसते. निरोगी उंदराच्या सीडी-४ टी-पेशींपैकी सुमारे दहा टक्के पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-२५ नावाचा रेणू असतो. या दहा टक्के पेशी वगळून उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना देण्यात आल्या. त्या सर्व उंदरांमध्ये स्वयंप्रतिकारजन्य विकार उद्भवले. कंठस्थ ग्रंथी, जठर, बीजकोश यांच्याबरोबरच स्वादुपिंडातील द्वीपिकाही त्यात सापडल्या. त्यानंतर वगळलेल्या पेशी ठरावीक मुदतीत परत दिल्या असता विकार टळले. आणि जितक्या अधिक पेशी परत दिल्या तितके संरक्षण अधिक मिळाले.

या प्रयोगाचे सामर्थ्य वजाबाकी आणि बेरीज अशा दोन्ही बाजूंनी केलेल्या पडताळणीत आहे. एखादी गोष्ट काढल्याने बिघाड झाला, एवढ्यावरून ती गोष्टच राखण करत होती असे सिद्ध होत नाही. ती परत ठेवल्यावर बिघाड थांबतो हेही दाखवावे लागते. 'दमनकारी' पेशींच्या पुरस्कर्त्यांना नेमकी हातात धरता येईल अशी पेशी दाखवता आली नव्हती. सकागुची यांनी ती वेगळी काढून दाखवली. कोणत्याही विद्याशाखेतील कार्यकारणाच्या दाव्याला लावता येईल असा हा निकष आहे आणि प्रस्तुत लेखाच्या उत्तरार्धात तो पुन्हा वापरावयाचा आहे.

ब्रन्को आणि रॅम्सडेल यांचे कार्य दुसऱ्या टोकाने याच ठिकाणी येऊन पोहोचले. अमेरिकेतील ओक रिज येथे १९४० च्या दशकात 'स्कर्फी' नावाचे रोगट उंदीर जन्मले होते. त्यांतील सदोष जनुक या दोघांनी शोधून काढले आणि २००१ साली प्रसिद्ध केले. हे जनुक म्हणजे फॉक्स-पी-३ होय. याच जनुकातील दोषामुळे मानवी बालकांत 'आयपेक्स' नावाचा दुर्मिळ विकार होतो, हेही त्याच वर्षी स्पष्ट झाले. २००३ साली सकागुची यांच्या व अन्य दोन गटांनी हे जनुकच नियामक टी-पेशींच्या घडणीचे मुख्य सूत्र असल्याचे दाखवले. उंदीर, पेशी, जनुक आणि रुग्ण अशी साखळी येथे पूर्ण झाली.

३. मधुमेहाच्या संदर्भातील मर्यादा

आयपेक्स हा विकार मधुमेहाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. तो एक्स गुणसूत्रावरील दोषामुळे होत असल्याने प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो आणि त्यांतील अनेकांना तान्हेपणीच मधुमेह जडतो. राखण करणाऱ्या पेशी नाहीशा झाल्या की मानवी शरीरातही बीटा पेशींवर हल्ला होऊ शकतो, याचा यापेक्षा थेट पुरावा मिळणे कठीण.

परंतु या पुराव्यावरून सर्वसामान्य टाइप-१ मधुमेहाचे कारण हाती लागले, असे म्हणता येणार नाही. या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांत फॉक्स-पी-३ जनुक निर्दोष असते. त्यांच्या रक्तातील नियामक पेशींच्या संख्येत ठळक घट सातत्याने आढळलेली नाही. काही अभ्यासांत या पेशींची कार्यक्षमता उणी दिसली. काहींत आक्रमक टी-पेशीच त्यांना दाद देत नाहीत असे आढळले. शिवाय खरी घडामोड स्वादुपिंडात होत असते आणि जिवंत रुग्णाच्या स्वादुपिंडाचा तुकडा परीक्षणासाठी काढणे सहसा शक्य नसते. रक्तावरून स्वादुपिंडाचा अंदाज बांधणे म्हणजे वेशीवरच्या वर्दळीवरून घरातील भांडणाचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

दुसरी मर्यादा प्राण्यांवरील प्रयोगांची. मधुमेहाच्या प्रतिकारशास्त्राचा मोठा भाग १९८० साली जपानमध्ये नोंदल्या गेलेल्या 'नॉन-ओबीज डायबेटिक' या एकाच अंतःप्रजात उंदीरजातीवर उभा आहे. या जातीत माद्यांना मधुमेह अधिक होतो. माणसांत स्त्री-पुरुषांमध्ये तसा मोठा फरक नसतो. या उंदरांचा मधुमेह शंभराहून अधिक उपायांनी टाळता आला आहे; त्यांतील फारच थोडे माणसांत उपयोगी ठरले. हे उंदीर जितक्या स्वच्छ पिंजऱ्यात ठेवावेत तितका त्यांच्यातील मधुमेह वाढतो आणि जंतांचा संसर्ग दिल्यास तो टळू शकतो, हेही सिद्ध झाले आहे. या निरीक्षणावरून ग्रामीण अस्वच्छता मुलांचे संरक्षण करते असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींना होतो. तो सर्वस्वी टाळला पाहिजे. जंतांमुळे होणारा रक्तक्षय व खुंटलेली वाढ ही आदिवासी बालकांच्या आयुष्यातील प्रत्यक्ष हानी आहे. पिंजऱ्यातील उंदराच्या हिशेबात ती धरलेली नसते.

तिसरी मर्यादा उपचारांची. नियामक पेशी रुग्णाच्या रक्तातून काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत टोचण्याचे प्रयोग झाले आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चौदा प्रौढ रुग्णांवरील चाचणीत ही पद्धत सुरक्षित असल्याचे दिसले. परंतु ८ ते १७ वर्षे वयाच्या मुलांवरील पुढच्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा या उपचारामुळे उरलेली इन्सुलिननिर्मिती टिकून राहिल्याचे आढळले नाही. उंदरांत यशस्वी ठरलेली 'परत देण्याची' पायरी मानवी मधुमेहात अद्याप सिद्ध व्हावयाची आहे. सकागुची यांचाच निकष लावला तर वजाबाकीचा पुरावा आयपेक्समध्ये मिळाला आहे. बेरजेचा पुरावा बाकी आहे.

यापेक्षा वेगळ्या मार्गाने थोडे यश मिळाले आहे. टी-पेशींवरील सीडी-३ या रेणूला बांधले जाणारे टेप्लिझुमॅब हे औषध रुग्णांच्या ७६ नातेवाइकांवरील चाचणीत वापरण्यात आले. त्या सर्वांच्या रक्तात प्रतिपिंडे होती, साखरेच्या चाचणीत किंचित बिघाड होता, परंतु लक्षणे नव्हती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लक्षणयुक्त मधुमेह सुरू होण्यास औषध न मिळालेल्या गटात मध्यमानाने २४.४ महिने लागले, तर औषध मिळालेल्या गटात ४८.४ महिने. या आधारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. ही दोन वर्षे मौल्यवान आहेत, यात शंका नाही. मात्र त्यांचा लाभ घेण्यासाठी निरोगी दिसणाऱ्या मुलाच्या रक्तात प्रतिपिंडे शोधणारी व्यवस्था आधी असावी लागते. आणि चाचणीतील सहभागी जवळजवळ सर्वच गौरवर्णीय होते, हेही विसरता येत नाही.

४. पुण्यातील अभ्यास : सिद्धान्ताची आपल्या भूमीवरील पारख

गौरवर्णीय रुग्णांवरून बांधलेला सिद्धान्त आपल्याकडे लागू पडतो काय, हा प्रश्न महाराष्ट्रातच विचारला गेला आहे. पुणे येथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे भारतीय मधुमेहाचे वेगळेपण अभ्यासत आले आहेत. वरून कृश पण तुलनेने अधिक चरबी असलेले भारतीय अर्भक, ही त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील अभ्यासातून पुढे आणलेली संकल्पना सुपरिचित आहे. भारतीयांना टाइप-२ मधुमेहही कमी वयात व कमी वजनात होतो. त्यामुळे 'तरुण आणि सडपातळ म्हणजे टाइप-१' हा पाश्चात्त्य ठोकताळा येथे दगा देतो.

या पार्श्वभूमीवर २०२० साली पुणे, हैदराबाद व इंग्लंडमधील एक्झेटर येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला निबंध महत्त्वाचा वाटतो. युरोपीय लोकांमध्ये टाइप-१ मधुमेहाशी निगडित ठरलेल्या नऊ जनुकीय खुणांवरून काढलेला 'धोक्याचा गुणांक' पुण्यातील रुग्णांना लावून पाहण्यात आला. वैद्यकीय निकषांवर टाइप-१ ठरलेले २६२ रुग्ण त्यात होते. त्यांपैकी २०० जणांत प्रतिपिंडे आढळली होती. टाइप-१ व टाइप-२ यांतील भेद ओळखण्याची या गुणांकाची क्षमता युरोपीय लोकांत ०.८७, तर पुण्यात ०.८४ भरली. येथे १ म्हणजे अचूक भेद आणि ०.५ म्हणजे नाणे उडवून केलेला निर्णय. भेद ओळखण्यातील मोठा वाटा एचएलए या जनुकसमूहातील खुणांचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणेने 'स्व' आणि 'पर' ओळखण्याशी संबंधित जनुकांचा, होता.

या निष्कर्षाचे दोन अर्थ आहेत. पहिला असा की, स्वयंप्रतिकाराचा सिद्धान्त ही केवळ युरोपची कथा नाही. पुण्यातील मुलाच्या शरीरातही बीटा पेशींचा नाश बव्हंशी त्याच वाटेने होतो. दुसरा अर्थ त्या किंचित उण्या आकड्यात दडला आहे. परक्या भूमीत तयार झालेले मोजमाप येथे चालते, पण तंतोतंत नाही. शिवाय या अभ्यासातील व्यक्ती पुण्यातील इंडो-युरोपीय वंशगटातील होत्या. कर्जत-खालापुरातील कातकरी किंवा ठाकर समाजाचा आनुवंशिक इतिहास तोच आहे, असे गृहीत धरता येत नाही. बोरघाटाच्या वरच्या अंगाला मिळालेले उत्तर घाटाच्या पायथ्याशी लागू करण्याआधी पुन्हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

अन्यत्र असा प्रश्न विचारल्यावर काय घडले हे पाहण्यासारखे आहे. कॅमेरून, युगांडा व दक्षिण आफ्रिका येथील ८९४ तरुण मधुमेही रुग्णांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. टाइप-१ समजल्या गेलेल्या या रुग्णांपैकी सुमारे ६५ टक्क्यांत नेहमीची प्रतिपिंडे आढळली नाहीत आणि त्यांचा जनुकीय गुणांकही कमी होता. म्हणजे तेथील बऱ्याच शेतांची नासाडी झाली होती. पण ती कुंपणाने केली असल्याची खूण सापडत नव्हती.

५. कुपोषण आणि मधुमेह : वर्गीकरणाचा वाद

येथे कुपोषणाचा मुद्दा उपस्थित होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली कुपोषणाशी निगडित मधुमेह हा स्वतंत्र वर्ग मान्य केला होता. १९९९ साली पुरेशा पुराव्याअभावी तो वगळण्यात आला. २०२२ साली वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील व न्यूयॉर्कमधील संशोधकांनी अत्यंत कृश रुग्णांत टाइप-१ व टाइप-२ या दोहोंहून वेगळा चयापचय दाखवला. या रुग्णांत इन्सुलिनची निर्मिती कमी होती, परंतु ते परिणामकारक ठरत होते. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 'टाइप-५' या नावाने या वर्गाला मान्यता दिली. हा वर्ग खरोखर स्वतंत्र आहे काय, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

सकागुची यांचा निकष येथे लावला तर हा दावा अजून अर्ध्यावरच उभा असल्याचे दिसते. कुपोषण आणि कमी इन्सुलिन एकत्र आढळतात, हे निरीक्षण झाले. कुपोषण दूर केल्यावर इन्सुलिनची निर्मिती सुधारते काय, याचे उत्तर आल्याखेरीज कार्यकारणसंबंध पक्का होणार नाही. तथापि पुरावा अपुरा म्हणून वर्गच नाकारणे आणि त्यामुळे त्यावर संशोधनही न होणे, हे १९९९ नंतर घडलेले दुष्टचक्र पुन्हा घडू नये.

६. कर्जत-खालापूरच्या संदर्भात

उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील हे दोन तालुके विषमतेच्या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. एकीकडे कर्जतचे रेल्वे जंक्शन, खोपोलीचे कारखाने, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि वाढती शेतघरे आहेत. दुसरीकडे डोंगरउतारावरील ठाकरवाड्या व कातकरी वाड्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी खालापूर तालुक्यातीलच. एकाच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात टाइप-१, कमी वयातील टाइप-२ आणि कुपोषणाशी निगडित मधुमेह अशा तिन्ही शक्यता घेऊन येणारे रुग्ण असू शकतात. 'शुगर' म्हणजे खात्यापित्या, उतारवयीन माणसाचा रोग, या रूढ समजामुळे कृश मुलाची तहान, वारंवार लघवी व झपाट्याने उतरणारे वजन यांकडे दुर्लक्ष होते. उलट्या, पोटदुखी व धाप सुरू झाल्यावर ते पोटाचे दुखणे समजले जाण्याची भीती असते. अशा वेळी लघवीतील व रक्तातील साखर त्वरित तपासणे आणि आम्लविषारता आढळल्यास वर्गीकरणाच्या वादात न पडता इन्सुलिन सुरू करणे, एवढे तरी निर्विवाद आहे.

त्यानंतर मात्र वर्गीकरण हा केवळ विद्वत्तेचा विषय राहत नाही. खऱ्या टाइप-१ रुग्णाचे इन्सुलिन बंद झाले तर तो काही दिवसांत दगावू शकतो. उलट, ज्याच्या शरीरात थोडे इन्सुलिन शिल्लक आहे आणि ते परिणामकारकही आहे, अशा कृश रुग्णाला नेहमीच्या मात्रेत इन्सुलिन दिले आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. पावसाळ्यातील तुटीच्या दिवसांत ही शक्यता काल्पनिक नाही. कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांच्या कामासाठी स्थलांतर करतात. नोंदवही एका गावी, रुग्ण दुसऱ्या गावी आणि शीतकपाट कोठेच नाही, अशी अवस्था असते. ओल्या मातीच्या माठात इन्सुलिनची कुपी ठेवण्याचा साधा उपाय अशा ठिकाणी उपयोगी पडतो. परंतु तो सांगणारे कोणी असावे लागते.

'टाइप-५' या नव्या नावाचा दुसरा धोकाही लक्षात घेतला पाहिजे. आदिवासी मूल कृश दिसले की कुपोषणाचे लेबल लावून प्रतिपिंडांची तपासणी न करण्याची सवय लागली, तर खरा टाइप-१ रुग्ण हुकेल. कातकरी मुलालाही स्वयंप्रतिकारजन्य मधुमेह होऊ शकतो. म्हणून दोन्ही चुकांवर उपाय एकच : अल्पवयीन व तरुण मधुमेही रुग्णात इन्सुलिनच्या शिल्लक निर्मितीची सी-पेप्टाइड चाचणी व प्रतिपिंडांची चाचणी करणे. या चाचण्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाहीत; परंतु तेथून नमुना पाठवणे अशक्य नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तरुण मधुमेहींची राष्ट्रीय नोंदणी २००६ साली सुरू केली आणि २०२२ साली टाइप-१ साठी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. या दोहोंचा धागा वाड्यांपर्यंत पोहोचला तरच त्यांना अर्थ आहे.

या परिसराला अशा विचारपद्धतीचा परिचय नाही असे नव्हे. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने कोकणासाठी भाताचे अनेक वाण विकसित केले. बाहेरचे चांगले बियाणे येथील जमिनीत व पावसात पेरून पाहिल्याशिवाय ते शेतकऱ्याला देऊ नये, हे तेथील कामाचे मूलतत्त्व होय. भाताला जी काळजी आपण लावतो ती रोगनिदानाच्या मोजमापाला लावावी, एवढीच अपेक्षा आहे.

समारोप

सकागुची यांच्या संशोधनाने प्रश्नाची दिशा बदलली. काहींचे शरीर स्वतःवर का उलटते, याऐवजी बहुतेकांचे का उलटत नाही, असे विचारले जाऊ लागले. हे त्यांचे चिरस्थायी योगदान होय. त्यातील 'सहिष्णुता' या संज्ञेवरून समाजाविषयी सुभाषिते रचण्याचा मोह बहुविद्याशाखीय नियतकालिकाच्या वाचकाला होणे साहजिक आहे. परंतु नियामक पेशी कोणत्याही मूल्यासाठी काम करत नाहीत आणि अर्बुदाला संरक्षण देण्याचे कामही त्याच करतात. त्यांच्याकडून नीतीची अपेक्षा करू नये.

मधुमेहापुरते बोलावयाचे तर या संशोधनाने रोगाचे आकलन दिले आहे, उपचार अद्याप दिलेला नाही. एका शतकापूर्वीचे इन्सुलिनच आजही रुग्णाला जगवते. आणि आपल्या भूमीत त्या आकलनाचा उपयोग करण्याआधी एक पायरी आहे : नासाडी कुंपणानेच केली आहे काय, हे प्रत्येक शेतात जाऊन पाहण्याची. पुण्यातील संशोधकांनी ती पायरी आपल्या परीने चढून दाखवली. कर्जत व खालापूर येथील तरुण मधुमेहींची साधी, शिस्तबद्ध नोंद ठेवण्यापासून आपल्याला ती चढता येईल. त्यासाठी नोबेलच्या दर्जाच्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. उपजिल्हा रुग्णालयातील एक वही, नमुने पाठवण्याची ठरलेली व्यवस्था आणि वीटभट्टीवर गेलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करणारी आशा कार्यकर्ती, एवढ्यानेही आरंभ होऊ शकतो.